सातव्या नियमाची पाटी

आसगाव, ता. पवनी
१७ ऑगस्ट १९८२

ती. मामांना चंद्रकलाचा नमस्कार.

आई बरी आहे. धानाची रोवणी संपत आली. हे दोन शब्दांत उरकते, कारण पत्राचं काम वेगळं आहे आणि ते लिहायला मला चार दिवस लागले आहेत.

आमच्या शेजारची धुरपता तुम्हाला आठवत असेल. मागच्या दिवाळीत तिने तुमच्यासाठी तळ्यातले शिंगाडे आणले होते. तिची सात वर्षांची मुलगी नऊ तारखेला धानाच्या बांधीत साप चावून गेली. चावला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. धुरपताचा नवरा सुखराम राइस मिलचा ट्रॅक्टर चालवतो. पवनीच्या दवाखान्यापर्यंत नेणारं दुसरं काही त्या वेळी गावात नव्हतं. सुखराम क्लबात पत्ते खेळत होता.

धुरपता चिखलाच्या पायांनी क्लबाच्या दारात गेली. दारावर इश्वर बसतो. त्याने तिला आत सोडलं नाही आणि निरोपही आत नेला नाही. भिंतीवरच्या पाटीकडे बोट करून म्हणाला, "डाव चालू हाय. नेम हाय क्लबचा. बस थोडी." ती ओरडली तेव्हा आतून कोणीतरी खिडकी लावून घेतली. रोजच कोणाची तरी बायको तिथे ओरडत असते. सुखराम म्हणतो, रेडिओ लागला होता, आवाज ओळखला नाही. डाव संपायला पंचवीस मिनिटं लागली. मुलगी पवनीच्या वाटेवर, ट्रॅक्टरवरच गेली.

पाटीवर लिहिलं आहे: "नियम ७. चालू डावातून कोणत्याही सभासदास उठवू नये. बाहेरून आलेला निरोप डाव संपल्यावर द्यावा."

गावातल्या एकेचाळीस बायकांनी क्लब बंद करावा म्हणून भंडाऱ्याला अर्ज द्यायचं ठरवलं आहे. तो मी लिहिला. पंचायत समितीला उभे राहणारे भैय्यालालजी आमच्या बाजूने आहेत. जिल्ह्यातल्या सगळ्याच क्लबांवर बंदी आणायचा ठराव ते मांडणार आहेत. आणि मला असं कळलं की सगळ्या क्लबांच्या वतीने उत्तर तुम्ही लिहिणार, मोहाडीच्या क्लबाचे चिटणीस म्हणून.

ते लिहू नका, एवढंच मागणं आहे. नियमांचा मसुदा तुमचाच आहे, हे मला माहीत आहे.

तुमची
चंद्रकला

*

मोहाडी
२५ ऑगस्ट १९८२

चि. चंद्रकला हिला आशीर्वाद.

मुलीचं वाईट झालं. धुरपताला माझ्या वतीने दोन शब्द सांग. पण साप क्लबाने सोडला नव्हता.

अर्धा तास आधी निघाले असते तर ती वाचली असती, असं डॉक्टरने लिहून दिलं आहे का? दिलं असेल तर अर्जाला जोड. दिलं नसेल तर अर्जात तसं वाक्य घालू नको. तेवीस वर्षं मी तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो आहे. रडून लिहिलेला अर्ज पहिल्या तारखेला फेटाळला जातो. हे तुला मी शिकवलं होतं, तू विसरलीस.

सातवा नियम मी का घातला ते ऐक. हरत असलेला माणूस घरून निरोप आल्याचं सोंग करून डावातून उठतो. बाकीचे चिडतात, हाणामारी होते. नियम आल्यापासून मोहाडीत एक भांडण झालं नाही. नियम भांडणासाठी होता, सापासाठी नव्हता. इश्वरला अक्कल नाही, त्याला मी काय करू?

आणि क्लब म्हणजे काय, हे तू बायकांच्या तोंडून ऐकलं आहेस. माझ्याकडून ऐक. दिवसभर मी दुसऱ्यांची दुःखं लिहितो. कोणाचा बांध फोडला, कोणाला सुनेने जेवायला दिलं नाही. संध्याकाळी दोन तास एका सतरंजीवर बसतो. त्या सतरंजीवर तेली, कुणबी, बौद्ध, कोष्टी सगळे बसतात आणि एका माठातलं पाणी पितात. मोहाडीत अशी दुसरी जागा असेल तर दाखव. क्लब नव्हता तेव्हा हेच लोक आमराईत बसून खेळत आणि दारू पीत. बंदी आली की परत तिथे जातील. आमराईला दार नसतं, ओरडायला कुठे जाल?

भैय्यालालवर तर जाऊच नको. त्याला क्लबाच्या खोलीत धानाची पोती ठेवायची आहेत. निवडून येईपर्यंत तुम्ही बायका त्याच्या ताई, नंतर ओळख देणार नाही.

शेवटचं. तू पाटीवरचे शब्द लिहून पाठवलेस. अक्षर कोणाचं आहे ते नीट बघितलंस का?

केवळराम

*

आसगाव
५ सप्टेंबर १९८२

ती. मामांना नमस्कार.

बघितलं होतं. पाटी वाचली त्याच दिवशी. पहिल्या पत्रात ते लिहायचं मला धाडस झालं नाही, म्हणून आता लिहिते.

मुलीला माती देऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी धुरपता माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, मले एकडाव वाचून दाखव ना, काय लिवलं हाय थ्या पाटीवर. इश्वर तं नुसता बोट दाखवते." मी तिच्याबरोबर गेले. क्लब त्या दिवशी बंद होता. मी मोठ्याने वाचायला लागले आणि सातव्या नियमावर येऊन थांबले.

ते माझं अक्षर होतं. बाराव्या वर्षीचं.

बाबा वारल्यावर आई मला घेऊन तुमच्याकडे मोहाडीला आली. शाळेत तुम्ही मला सातवीपर्यंत घातलं नाहीत. म्हणालात, मास्तरपेक्षा मी बरं शिकवतो. आणि शिकवलंत, हे मी नाकारत नाही. ओसरीवर तुमच्या शेजारी बसून मी अर्ज उतरवून काढायची. शब्दामागे शब्द, रेघेखाली रेघ. ओळ संपली की आडवी रेघ ओढायची आणि टोकाला गळासारखी वर वळवायची, म्हणजे नंतर कोणी एखादा शब्द घुसडू शकत नाही. "ओळ बंद केली नाही तं मानूस बुडते," असं म्हणायचात. त्या वर्षी तुम्ही मला क्लबाचे नियम उतरवायला दिलेत, दहा प्रती, दहा क्लबांच्या पाट्यांवर चिकटवायला. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मला अर्थ कळत नव्हता. मला फक्त अक्षर चांगलं यायला हवं होतं, म्हणजे तुम्ही संध्याकाळी मामीला म्हणाल, पोरीचा हात बसला.

तो हात धुरपतासमोर क्लबाच्या दारात बसला, मामा.

मी तिला सांगितलं. न सांगता मला झोप येत नव्हती. ती म्हणाली, "तू तं लेकरू होतीस." मग दोन दिवस आमच्या घरी येऊन तिने पाणी घेतलं नाही.

डॉक्टरने काही लिहून दिलेलं नाही, म्हणून ते वाक्य मी अर्जातून काढलं. तुमचं बरोबर होतं. बाकीचा अर्ज तसाच जाणार आहे. माठाचं तुम्ही लिहिलंत ते मी तीन वेळा वाचलं. ते खरं असेल. पण त्या माठापर्यंत आमच्यातली एकही बाई कधी पोचली नाही. दारावर इश्वर बसतो.

चंद्रकला

*

(पोस्टकार्ड)
मोहाडी, १३/९/८२

अर्जदार केवळराम, वय वर्षे ५४, धंदा अर्जनवीस, राहणार मोहाडी, सविनय कळवितो की:
१) अर्जदाराने भाचीला सहा वर्षे खाऊपिऊ घातले व अक्षर दिले.
२) सदर भाची ते अक्षर अर्जदाराच्याच विरुद्ध वापरीत आहे.
३) सबब अर्जदाराची विनंती की भाचीने पुढील अर्ज दुसऱ्याच्या अक्षरात लिहावा.
अर्जदाराची बहीण सत्यभामाबाई हिलाही हे वाचून दाखवावे.

*

आसगाव
२९ नोव्हेंबर १९८२

श्री. केवळराम, अर्जनवीस, मोहाडी यांस,

तुमचं पोस्टकार्ड आईला मी वाचून दाखवायची गरज पडली नाही. पोस्टमनने ते चौकातच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. पोस्टकार्ड म्हणूनच लिहिलंत, हे आम्हाला कळलं. आई तुमच्या राखीचा दोरा पुढच्या वर्षी पाठवणार नाही. हे तिने सांगितलं म्हणून लिहिते, माझ्या पदरचं नाही.

परवाच्या सुनावणीबद्दल लिहायचं आहे.

भंडाऱ्याला आम्ही भैय्यालालजींच्या जीपमधून गेलो. वाटेत ते म्हणाले, "ताई, त्यायनं ते पाटी आणली हाय. तुमची हाय का विचारलं तं नाही म्हणून टाका. लहानपणचं अक्षर, कोण सिद्ध करून राहिलं?" वाटेतल्या कवडशीपासून भंडाऱ्यापर्यंत मी अर्जाची नक्कल वाचत बसले.

साहेबांनी पाटी टेबलावर ठेवली. शेजारी आमचा अर्ज. अर्जाखाली एकेचाळीस अंगठे आणि प्रत्येक अंगठ्यापुढे मी लिहिलेलं नाव. क्लबांच्या वकिलाने विचारलं, पाटी कोणाच्या हातची? मी म्हणाले, माझ्या. मागे भैय्यालालजींनी घसा खाकरला. वकील म्हणाला, म्हणजे क्लबाचे नियमही हिनेच लिहिले आणि क्लबाविरुद्ध अर्जही हिनेच. अंगठेही कशावरून बायकांचे? रोवणीच्या दिवसांतले अंगठे, चिखलाने फुगलेले, अर्धे उमटले नव्हते.

मग साहेबांनी तुम्हाला उठवलं. तुम्हाला सगळं माहीत होतं. ते दहा कागद मी कोणाच्या हुकमाने उतरवले, शब्द कोणाचे होते, मी किती वर्षांची होते. तुम्ही एवढंच म्हणालात: "अक्षर माझ्या वळणाचं आहे, साहेब." आणि खाली बसलात.

अर्ज फेटाळला. कागदावर लिहून दिलं की अर्ज खुद्द क्लबाच्या चिटणिसाच्या अक्षरात असल्याचा संशय येतो. आपसातल्या वादातून केलेला दिसतो. एकेचाळीस बायका या जगात नाहीतच, असा त्याचा अर्थ.

भैय्यालालजी जीप घेऊन आधीच निघून गेले होते. आम्ही एसटीने परतलो. धुरपता खिडकीशी बसली होती. पवनी आणि आसगावच्या मध्ये एका ठिकाणी तिने पदर तोंडावर घेतला. तिथेच मुलगी गेली होती.

मी तुमच्यावर रागावले आहे, असं लिहिणार होते. ते पुरत नाही.

चंद्रकला

*

मोहाडी
८ डिसेंबर १९८२

चंद्रकला,

साहेबाने विचारलं, अक्षर ओळखता का. मी ओळखतो म्हणालो. वळण माझं आहे, ते माझं आहे म्हणालो. यात खोटं काय? विचारलं तेवढंच सांगावं, वाढवून सांगू नये. हेही मीच शिकवलं होतं.

तू पाटी तुझी आहे म्हणालीस तेव्हा आमच्या बाजूचे हसले. मी हसलो नाही. विश्वास ठेव अथवा ठेवू नको.

तुझे भैय्यालालजी मागच्या बुधवारी मोहाडीला आले होते. मास्तर लोकांची मतं हवीत. आमच्या सतरंजीवर बसून दोन डाव खेळले. वाईट खेळतात. ठरावाचं कोणी विचारलं तर म्हणाले, "ते पाहू ना मंग, बायकायचं डोस्कं थंड होऊ द्या."

मी तुला सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस.

सत्यभामेने राखीचं ठरवलं ते तिचं तिला. माझ्याकडे जुने दोरे आहेत.

केवळराम

*

आसगाव
२ मार्च १९८३

श्री. केवळराम यांस,

हे पत्र तुम्हाला परक्या माणसाचं वाटेल. अक्षर नीट बघा. तीन महिने रोज सकाळी मी दगडी पाटीवर नवं अक्षर गिरवलं. आता उभं लिहिते, गोल लिहीत नाही. र वेगळा, ल वेगळा. पूर्वीचं अक्षर मला नको होतं. मी शिकवते त्या बालवाडीतली लेकरं हसली, म्हणाली, बाई चुकून राहिल्या. मी म्हटलं, हो, शिकते आहे.

दुसरा अर्ज तुम्ही पाहिलात, म्हणून त्याचं सगळं लिहीत नाही. अंगठा एकही नव्हता. डिसेंबरपासून बालवाडी सुटली की दुपारी बायका यायच्या, दोन-दोन, चार-चार, धान कापणी झाल्यावर सगळ्या. प्रत्येकीला फक्त स्वतःचं नाव शिकवलं. जास्त शिकवायला वेळ नव्हता. क्लबातले लोक बाहेरून जाताना म्हणायचे, "का हो, तुमचाबी क्लब निंगाला का?" धुरपता म्हणाली, "निंगाला. पर दारावर कोनी बसत नाही आमच्या."

या खेपेला भैय्यालालजी नव्हते. निवडून आल्यावर त्यांना वेळ नाही. जिल्ह्याच्या बंदीचा ठराव कुठल्या फायलीत आहे, ते कोणी सांगत नाही. आमचा अर्ज फक्त आसगावपुरता होता.

आता विचारायचं ते. बावीस फेब्रुवारीला सुनावणीच्या वेळी मला बाहेर झाडाखाली बसवलं. अर्ज लिहिणारीने आत यायचं नाही, असा क्लबांच्या वकिलाने आग्रह धरला होता. तुम्ही आत होतात. थोड्या वेळाने शिपाई आला आणि एकेक बाईला नाव घेऊन आत बोलावू लागला. एकेचाळीस जणी गेल्या आणि एकेचाळीस जणी बाहेर आल्या. कोणी नीट सांगेना. धुरपता म्हणाली, "तुह्या मामानं हात वर केला, काही बोलला, मंग आम्हाले सई कराले लावली." तुम्ही काय बोललात? आम्हाला अडवायला बोललात की आणखी कशाला? हे मला कळल्याशिवाय राहवत नाही. तुमचा राग ठेवायचा तरी मला नीट, खऱ्या कारणासाठी ठेवायचा आहे.

निकाल कळला. आसगावच्या क्लबाचा परवाना या वर्षी नव्याने मिळणार नाही. काल पाटी काढली. काढायच्या आधी धुरपता म्हणाली, थांबा. तिने ती स्वतः वाचली. तिला तिच्या नावापुरतीच अक्षरं येतात, ती ओळखत गेली आणि मधली मला विचारत गेली. पुष्कळ वेळ लागला. सातवा नियम संपल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच होय?"

चंद्रकला

*

मोहाडी
११ मार्च १९८३

चंद्रकला,

विचारलंस म्हणून लिहितो.

साहेबाने अर्ज वकिलाकडे दिला, वकिलाने माझ्याकडे. हळूच म्हणाला, "चिटणीस, मागच्यासारखंच बोला, काम होऊन जाते." मी चष्मा लावला. वर मजकूर कोणाचा ते मला ओळखू आलं नाही. उभं, कोरडं अक्षर. वाटलं, मास्तरीण ठेवली असेल. म्हणजे तुझे तीन महिने फुकट गेले नाहीत.

मग खाली सह्या बघितल्या. वाकड्या, लहान-मोठ्या, कोणाचा काना ओळीबाहेर, कोणाची वेलांटी उलटी. आणि प्रत्येक नावापुढे आडवी रेघ, टोकाला गळासारखी वर वळलेली. एकेचाळीस नावं, एकेचाळीस रेघा. तू अक्षर बदललंस, पण शिकवताना रेघ राहिली. तुला कळलंही नसेल. ती मी माझ्या बापाकडून घेतली होती, तोही अर्ज लिहायचा. बापाचं वळण असं आसगावच्या शेतांच्या धुऱ्यावर जाऊन बसेल, असं मला वाटलं नव्हतं.

वकिलालाही ती दिसली. तो उठला आणि म्हणाला, साहेब, एकाच हाताच्या सह्या आहेत, या रेघा बघा, चिटणिसांना विचारा. साहेबाने विचारलं. मागच्या वेळचं उत्तर तोंडाशी तयार होतं. तेही खरंच ठरलं असतं.

मी हात वर केला आणि म्हणालो, "वळण माझं आहे साहेब, हात माझा नाही. बायका बाहेर उभ्या आहेत. एकेकीला बोलवा आणि समोर सही करायला लावा." आमचे लोक खूश झाले. त्यांना वाटलं मी सापळा लावला. बायकांना काय येते सही, असं इश्वर मोठ्याने म्हणालाही.

पहिली धुरपता आली. टाक उलटा धरला होता, शिपायाने सरळ करून दिला. ध ला तिने एवढा वेळ लावला की साहेबाने घड्याळ बघितलं. र झाल्यावर ते म्हणाले, पुरे बाई, समजलं. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "थांबा साहेब. होऊ द्या पुरं."

साहेब थांबले. आम्ही सगळे थांबलो. तिने प लिहिला, ता लिहिला, मग रेघ ओढली, टोक वर वळवलं आणि टाक खाली ठेवला. त्यानंतर माझ्याकडे बघितलं. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

उरलेल्या चाळीस मी बघितल्या नाहीत. मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो.

मी तुमच्यासाठी काही केलं, असं समजू नको. मागच्या वेळी अर्धं सांगितलं होतं, या वेळी पुरतं सांगितलं. क्लब चांगला होता, असंच मी अजून म्हणतो. मोहाडीचा चालू आहे. मला त्यांनी चिटणीस पदावरून काढलं. सतरंजीवर जागा मिळते, पण मी गेलो की बोलणं बंद पडतं. संध्याकाळी आता ओसरीवर बसतो. शेजारची जागा, जिथे तू बसायचीस, तिथे तुझ्या मामीने कणगी ठेवली आहे.

सातवा नियम मी आमच्या पाटीवरून खोडला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुन्हा लिहून ठेवला. अक्षर माझ्या वळणाचं नव्हतं, एवढं सांगतो.

तू मला मामा म्हणणं सोडलंस, म्हणून मीही आशीर्वाद लिहीत नाही. पण या पत्राच्या शेवटच्या ओळीपुढे मी रेघ ओढलेली नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. पुढची जागा मोकळी आहे. तिथे तुला जे घालायचं ते घाल.

केवळराम